दातांना जात असते का?

"खर्रा खातात, दात घासत नाहीत, मग हिरड्या सडणारच!" कष्टकरी वस्त्यांबद्दलचे हे वाक्य आम्ही वाडीत नेहमी ऐकतो. खर्रा वाईटच. सुपारीने तोंड उघडेनासे होते, तंबाखूने हिरड्या मागे सरतात. पण दोष फक्त सवयीला देणे म्हणजे इतिहास लपवणे होय.

आधी पाणी. चूळ भरायलाही पाणी लागते. ज्यांना सार्वजनिक पाणवठे बंद होते, त्यांनाच समाजाने 'घाणेरडे' ठरवले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते याच व्यवस्थेविरुद्ध.

मग तंबाखू. नागपूर-कामठी-भंडारा पट्ट्यात तंबाखू ही आधी मजुरी होती, नंतर सवय. बाबू हरदास यांनी विडी कामगारांना ठेकेदारांविरुद्ध संघटित केले ते याच पट्ट्यात. उपाशीपोटी राबणाऱ्याची भूक चिमूटभर तंबाखू मारते. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते. 2012 मध्ये गुटखाबंदी आली, पण पानठेल्यावर खर्रा घोटणे थांबले नाही.

शेवटी इलाज. 1942 ते 1946 बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1943 मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी अडारकर यांची नेमणूक झाली आणि त्यातून 1948 चा राज्य विमा कायदा उभा राहिला. आज वाडीत काय दिसते? आयुध निर्माणीतल्या कायम कामगाराला दवाखाना आहे. त्याच अमरावती रोडवरच्या गोदामात पोती वाहणाऱ्या, ठेकेदाराने नोंदच न केलेल्या हमालाला काय? नागपुरात 1968 पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, पण शहर ओलांडून जायचे तर दिवसाची रोजी बुडते. मग आधी दुखीची गोळी आणि शेवटी दात उपटणे. एकाचा दात भरला जातो, दुसऱ्याचा काढला जातो. दातांची जात आणि वर्ग इथे दिसतात.

दात ही किरकोळ बाब नाही. 1951 मध्ये ब्रिटनमध्ये मोफत कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावले, तेव्हा अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आपले पुढारी मात्र जयंतीच्या शिबिरात टूथपेस्ट वाटून फोटो काढतात.

तरुणांनो, खर्रा सोडा आणि सोडवा. पण तिथेच थांबू नका. प्रत्येक गोदाम कामगाराची विमा नोंदणी आणि वाडीत संध्याकाळी चालणारा सरकारी दंत दवाखाना, या दोन मागण्या घेऊन नगर परिषदेवर चला. हा उपकार नाही, हक्क आहे.

जयभीम!