गोरसाम छोर्तेन : सीमेवरच्या दरीतील शुभ्र स्तूप

अरुणाचल प्रदेशातील तवांगला जाणाऱ्या पर्यटकांची संख्या गेल्या काही वर्षांत लक्षणीय वाढली आहे. तवांगचा भव्य मठ, सेला खिंड, उंचावरची सरोवरे पाहून बहुतेक जण परत फिरतात. तवांगपासून आणखी सुमारे ९० किलोमीटरवर, भूतान आणि तिबेट या दोन्ही सीमांच्या बेचक्यात झेमिथांगची दरी आहे. न्यामजांग छू नदीच्या काठावरील या दरीत गोरसाम छोर्तेन हा सुमारे ९३ फूट उंचीचा शुभ्र स्तूप उभा आहे. आकाराने तो मोठा आहेच. पण या दुर्गम दरीतील माणसांची श्रद्धा, त्यांचा इतिहास आणि त्यांच्यापुढचे आजचे प्रश्न या एका वास्तूभोवती गुंफले गेले आहेत, हे त्याचे खरे महत्त्व होय.

स्तूप आणि छोर्तेन

कार्ले, भाजे, कान्हेरी येथील चैत्यगृहांत डोंगराच्या पोटात कोरलेले स्तूप महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचे आहेत. चौथरा किंवा वर्तुळाकार पीठ, त्यावर घुमटाकार अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि शिरोभागी छत्र ही स्तूपाची मूळ रचना होय. हीच रचना हिमालयात पोहोचली तेव्हा तिला ‘छोर्तेन’ हे तिबेटी नाव मिळाले. पूजेचा आधार, असा या शब्दाचा अर्थ आहे. हिमालयात छत्रांच्या जागी तेरा टप्प्यांचा निमुळता कळस आला. हे तेरा टप्पे बोधिप्राप्तीच्या मार्गावरील पायऱ्या मानले जातात. नेपाळी परंपरेच्या प्रभावाने हर्मिकेच्या चारही बाजूंना बुद्धाचे नेत्र रंगवले गेले.

काठमांडूचा बौद्धनाथ स्तूप हा या शैलीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. गोरसाम छोर्तेन त्याच्याच धर्तीवर बांधलेला आहे. पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, चुन्याने रंगवलेला घुमट आणि दरीवर चहूकडून रोखलेले नेत्र पाहिले की बौद्धनाथची आठवण होते. फरक आहे तो परिसराचा. बौद्धनाथभोवती आज गजबजलेले शहर आहे. गोरसामभोवती शेते, नदी आणि दाट वनांचे डोंगर आहेत. हा स्तूप तेराव्या शतकात लामा प्रधार या मोन्पा सत्पुरुषाने उभारला, अशी परंपरा आहे.

सीमेपलीकडचा जोडीदार

गोरसामचा एक जोडीदार शेजारच्या भूतानमध्ये आहे. पूर्व भूतानमधील त्राशीयांगत्से येथील छोर्तेन कोरा हा स्तूपही बौद्धनाथच्याच नमुन्यावर, १७४० साली लामा नगावांग लोद्रे यांनी बांधला. लामांनी नेपाळमध्ये मुळ्यावर कोरून आणलेली प्रतिकृती वाटेत सुकून आकसली आणि म्हणून छोर्तेन कोरा मूळ स्तूपाशी तंतोतंत जुळत नाही, अशी आख्यायिका सांगितली जाते. दुसऱ्या आख्यायिकेनुसार, आजच्या अरुणाचलच्या बाजूने आलेल्या एका बालिकेने त्या स्तूपात स्वतःला जिवंत समर्पित केले. तिच्या स्मरणार्थ तिबेटी पंचांगाच्या पहिल्या महिन्यातील पौर्णिमेला मोन प्रदेशातील भाविक ‘दाक्पा कोरा’साठी भूतानमध्ये जातात.

गोरसामची यात्रा भरते त्याच पहिल्या महिन्याच्या अखेरीस, म्हणजे साधारणपणे मार्च महिन्यात. ‘गोरसाम कोरा’ या नावाने ती ओळखली जाते. कोरा म्हणजे प्रदक्षिणा. या वेळी भूतानमधून भाविक येतात. तवांग जिल्ह्यातील गावोगावचे मोन्पा येतात. प्रार्थनाचक्रे फिरवत, जपमाळ ओढत, उजव्या हाताला स्तूप ठेवून प्रदक्षिणा घातल्या जातात. राजकीय सीमेने दोन देशांत विभागलेल्या एकाच सांस्कृतिक प्रदेशाला या दोन यात्रांनी एकत्र बांधून ठेवले आहे.

इतिहासाची वाट

आधुनिक भारताच्या इतिहासातील दोन महत्त्वाच्या घटनांची ही दरी साक्षीदार आहे. तिबेटमधून निघालेले चौदावे दलाई लामा ३१ मार्च १९५९ रोजी खिंझेमाने येथे भारतीय हद्दीत आले आणि याच दरीतून पुढे जाऊन ५ एप्रिलला तवांगला पोहोचले. खिंझेमाने येथे त्यांच्याशी जोडला गेलेला एक वृक्ष आजही पवित्र मानला जातो.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, झेमिथांगच्या पलीकडील नामका छू या नदीच्या काठी चिनी सैन्याने हल्ला केला आणि भारत-चीन युद्धाला तोंड फुटले. पुरेशी रसद, गरम कपडे व दारूगोळा हाती नसताना भारतीय जवान तेथे लढले. ब्रिगेडिअर जॉन दळवी यांच्या नेतृत्वाखालील सातव्या ब्रिगेडची त्या लढाईत वाताहत झाली. स्वतः दळवी युद्धकैदी झाले. तवांगचा प्रदेश काही काळ चिनी ताब्यात गेला. एकतर्फी युद्धबंदीनंतर चिनी फौजा मागे गेल्या, तरी चीनने या प्रदेशावरचा दावा सोडलेला नाही. १९८६-८७ मध्ये जवळच्याच सुमदोरोंग छू येथे दोन्ही सैन्ये पुन्हा समोरासमोर उभी ठाकली होती. या पार्श्वभूमीवर १७ एप्रिल २०२३ रोजी गोरसाम येथे नालंदा बौद्ध परंपरेवरील राष्ट्रीय परिषद भरवण्यात आली, तिला धार्मिक अर्थाइतकाच राजकीय अर्थही होता.

क्रौंच आणि धरण

झेमिथांग परिसरातील रहिवाशांना पांगचेनपा म्हणतात. पापाचा त्याग केलेले लोक, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. शिकार न करण्याची परंपरा ते पाळतात आणि वनसंरक्षणातही गावांचा सहभाग आहे. न्यामजांग छूच्या वाळवंटात दर हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. संख्येने ते मोजकेच असतात. पण मोन्पांच्या दृष्टीने हा पक्षी पवित्र आहे.

नेमक्या याच नदीवर ७८० मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित झाला. त्याचा बंधारा क्रौंचांच्या हिवाळी वस्तीच्या जागी येणार होता. केंद्राने २०१२ मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी दिली. या मंजुरीला मोन प्रदेशातील नागरिक व भिक्षूंच्या संघटनेने आव्हान दिले. राष्ट्रीय हरित लवादाने ७ एप्रिल २०१६ रोजी ती स्थगित केली आणि परिणामांचा नव्याने अभ्यास करण्याचा आदेश दिला. या विजयाला लगेच दुःखाची किनार लागली. आंदोलनाचे नेतृत्व करणाऱ्या भिक्षूला अटक झाली. त्यांच्या सुटकेसाठी २ मे २०१६ रोजी तवांगमध्ये जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात एका तरुण भिक्षूसह दोघांचा मृत्यू झाला.

सीमाभागात रस्ते, वीज आणि रोजगार हवा, याबद्दल दरीत दुमत नाही. ज्या नदीवर आणि वनावर जगणे अवलंबून आहे, त्यांची किंमत मोजून ते मिळवायचे का, हा प्रश्न आहे. पर्यटकही या प्रश्नाबाहेर नाहीत. मार्च २०२४ मधील गोरसाम कोरा ‘शून्य कचरा’ या संकल्पनेवर साजरा झाला. अशा यात्रेची गरज का भासली, हे तवांगच्या रस्त्यांवरील प्लास्टिकच्या बाटल्या पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

कसे जाल?

गुवाहाटीपर्यंत विमान किंवा रेल्वेने जाता येते. तेथून तेजपूर, भालुकपोंग, बोमडिला, दिरांग, तवांग असा रस्ता असून बोमडिला किंवा दिरांगला मुक्काम करावा. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्याने हिवाळ्यातील प्रवास पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. तवांगहून लुमलामार्गे झेमिथांगला जाण्यास सुमारे चार तास लागतात. वळणे अवघड असल्याने सकाळी लवकर निघणे श्रेयस्कर.

भारतीय नागरिकांना अरुणाचल प्रदेशात प्रवेशासाठी इनर लाइन परमिट आवश्यक असून ते ऑनलाइनही मिळते. झेमिथांगच्या पुढे सीमेकडे जायचे असल्यास तवांगच्या जिल्हा प्रशासनाकडे आधी चौकशी करावी. लष्करी ठाण्यांची व पुलांची छायाचित्रे घेऊ नयेत.

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ सोयीचा. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ता बंद पडतो. क्रौंच पाहायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीत जावे आणि पक्ष्यांपासून पुरेसे अंतर राखावे. निवासाची सोय मोजकी व साधी आहे, तेव्हा तवांगमधूनच व्यवस्था करावी. रोख रक्कम, औषधे आणि लोकरीचे कपडे सोबत असावेत. स्तूपाची प्रदक्षिणा उजवीकडूनच घालावी, चौथऱ्यावर चढू नये आणि नेलेला कचरा परत आणावा.