आजी सत्तेचाळिसाव्या अध्यायाशी का थांबायची

मागच्या भागात योसेफाची गोष्ट अर्धी राहिली. दोघा-तिघांनी विचारलं, उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय का गाळला? गाळला नव्हता. त्या अध्यायात आमच्या घरातलीच एक गोष्ट आडवी येते, म्हणून तो आज वेगळा घेतला.

मी जळगावात वाढलो, पण गाव साक्री तालुक्यातलं. घर भिल्लांचं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आजी दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची, संध्याकाळी पदरात सुकडी बांधून आणायची. घरात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. रात्री कंदिलापाशी काका योसेफाची गोष्ट वाचायचे. सात लठ्ठ गाई, सात रोड गाई, मिसरातली धान्याची कोठारं. त्या वर्षी ही गोष्ट आम्हाला निराळी समजावून सांगावी लागली नाही. पण भाऊ भेटले, बाप भेटला, की आजी म्हणायची, "आते बस."

पुढे काय आहे ते मी मोठेपणी वाचलं. दुष्काळ लांबतो. लोक आधी पैसे देऊन धान्य घेतात. पैसे संपले की गुरं देतात. मग जमीन, आणि शेवटी स्वतःला. सगळी शेतं फारोची होतात, याजकांची तेवढी वाचतात. आणि हे सगळं करणारा आपला योसेफच, बरं का.

आता आमच्या घराचं ऐका. आजोबांनी बियाण्यासाठी सावकाराकडून पैसे घेतले होते. आधी बैलजोडी गेली. १९५६ च्या उन्हाळ्यात चार एकर गेली. त्यानंतर आजोबा त्याच शेतात सालदार म्हणून राबले. क्रम तोच! तो अध्याय आजीच्या अंगावरून गेलेला होता. काकांना ते कळत असणार, कारण त्यांनी कधी हट्ट केला नाही.

त्याच सुमारास शहाद्याकडे (तेव्हा तोही धुळे जिल्हाच) अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना गेलेल्या जमिनींसाठी लढत होत्या. मग १९७४ चा कायदा आला, आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा. आमच्या पाळकांनी त्या रविवारी लेवीय पंचवीस काढला. पन्नासावं वर्ष योबेलचं, ज्याची जमीन त्याला परत. योबेल इस्राएलात खरंच कधी पाळला गेला का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आमच्या मंडळीत त्या दिवशी कुणाला ती शंका नव्हती.

पण कायद्याने धरले ते १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधले व्यवहार. आमचा त्याच्या आधीचा, थोडक्यात हुकलेला. आजीला हे सांगायला कोणी तयार होईना. शेवटी काकांनी सांगितलं. ती उठून चुलीकडे गेली.

म्हणून घडणाऱ्या गोष्टींवर पटकन वचन चिकटवणाऱ्यांची मला भीती वाटते. मार्च २०१८ मध्ये आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले, तेव्हा आमच्या प्रार्थना गटाच्या व्हॉट्सॲपवर आलं, "हे निर्गम आहे." कसलं निर्गम? ही माणसं देश सोडून चालली नव्हती. कसत असलेल्या जमिनीवर नाव लावा, एवढंच मागत होती. मला आठवला गणना सत्तावीस. सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाचा वाटा मागतात, आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. माझ्या चुलतभावाने दावा दाखल केला आहे. कागदावर त्याच्या नावाशेजारी वहिनीचं नाव आहे. फाईल कुठवर आली ते विचारायला दर महिन्याला तीच जाते.