पारितोषिकांचीं भाकितें

चित्रपटांच्या मोठ्या पारितोषिकांचा हंगाम जवळ आला, कीं यंदा कोणत्या नटीचें नांव नामांकनाच्या यादींत येईल याविषयीं भाकितें सुरू होतात. ही हौस मुंबईपुरतीच आहे असें नाहीं. भजन आणि सामुदायिक प्रार्थना यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या आमच्या गुरुकुंज मोझरीसही ती शिवली आहे. हीं भाकितें पुष्कळदां खरीं ठरतात. तीं खरीं कां ठरतात, हें मात्र मागील इतिहास पाहिल्यावांचून कळत नाहीं.

हिंदी चित्रपटांसाठीं ‘फिल्मफेअर’ पारितोषिकें १९५४ सालीं सुरू झालीं आणि पहिल्याच वर्षीं मीनाकुमारी ‘बैजू बावरा’साठीं सर्वोत्कृष्ट नटी ठरली. पुढें १९६३ सालीं त्या यादींत तीन नामांकनें होतीं आणि तिन्ही तिचींच : ‘आरती’, ‘मैं चुप रहूंगी’ व ‘साहिब बीबी और गुलाम’. त्या वर्षीं नटीच्या नांवाविषयीं भाकितकारास चुकणेंच अशक्य होतें! असा योग विरळा. परंतु एकदां मान्य झालेलें नांव परीक्षकांस पुनः पुनः आठवतें, हा भाकिताचा पहिला नियम त्यावरून ध्यानांत येतो.

दुसरा नियम भूमिकेच्या जातीचा. समर्थांच्या मराठी घराण्यांतील नूतन हिनें हें पारितोषिक पांच वेळां मिळविलें. त्यांपैकीं पहिले तीन चित्रपट पाहावेत. ‘सीमा’मध्यें ती चोरीचा खोटा आळ आलेली अनाथ मुलगी आहे, ‘सुजाता’मध्यें ब्राह्मण कुटुंबांत वाढलेली अस्पृश्य कन्या, ‘बंदिनी’मध्यें खुनाबद्दल शिक्षा भोगणारी स्त्री. तिघीही सोसणाऱ्या. हीच नूतन १९५८ च्या ‘दिल्ली का ठग’मध्यें किती मोकळेपणानें हंसते व हंसविते! परंतु त्या कौशल्याच्या वांट्यास तें पारितोषिक आलें नाहीं. हंसविणें रडविण्याहून सोपें आहे असें कोणताही जाणता नट म्हणणार नाहीं. तथापि परीक्षकांच्या तराजूंत अश्रूंचें पारडें जड ठरतें.

तिसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. यादीच नसेल तर नांव येणार कोठून? राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकें १९५४ सालीं प्रथम दिलीं गेलीं, तेव्हां आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’स राष्ट्रपतींचें सुवर्णपदक लाभलें. आईची भूमिका वनमालाबाईंची होती आणि चित्रपटाचा सारा भार त्या भूमिकेवर होता. परंतु नटनटींसाठीं स्वतंत्र पारितोषिक त्या योजनेंत नव्हतेंच. नटीसाठीं ‘उर्वशी’ नांवाचें पारितोषिक १९६७ च्या चित्रपटांपासून देण्यांत येऊं लागलें. पहिली मानकरी ‘रात और दिन’मधील नर्गिस. इंद्रसभेंतील अप्सरेचें नांव या मानास शोभेल असें त्या काळीं वाटलें, हेंही विचार करण्याजोगें आहे.

या उशिराचा अर्थ हंसा वाडकर यांच्या चरित्रांत दिसतो. ‘संत सखू’ (१९४१), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हीं त्यांच्या उमेदीच्या काळांतील कामें. त्या काळीं राष्ट्रीय पातळीवर नटीसाठीं पारितोषिक नव्हतें. १९७१ सालीं त्या वारल्या. पुढें त्यांच्या आत्मकथनाच्या आधारें श्याम बेनेगल यांनीं ‘भूमिका’ हा चित्रपट काढला आणि त्यांतील नायिकेच्या कामाबद्दल स्मिता पाटील हिला १९७७ सालचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. स्मिताची योग्यता निर्विवाद होती. परंतु पडद्यावर उभ्या केलेल्या नटीस जो मान मिळाला, तो जिनें तें आयुष्य प्रत्यक्ष कंठिलें तिच्यासाठीं निर्माण होण्यास फार उशीर झाला होता.

म्हणून भाकितें करणाऱ्यांची थट्टा करण्याचें कारण नाहीं. ते नटीचा अभिनय मोजीत नसून परीक्षकांची आवड ओळखीत असतात, एवढें समजलें म्हणजे झालें. आपल्या घरांतील तरुण मुलामुलींनीं ही करमणूक अवश्य करावी. मात्र पुढची यादी प्रसिद्ध होईल तेव्हां, त्या वर्षीं आपणांस मनापासून आवडलेली कोणती भूमिका तींत नाहीं, हेंही लिहून ठेवावें. वीस वर्षांनीं तें टिपण छापील यादीइतकेंच उपयोगी पडेल.