'उलटली' या शब्दाची कुळकथा

संस्कृतातला 'गर्भ' प्राकृतात 'गब्भ' झाला आणि मराठीत 'गाभ'. गाभा, गाभारा आणि गाभण गाय ही एकाच घरातली माणसं. दिवस भरण्याआधी गर्भ पडला तर त्यालाही शब्द आहे, गाय गाभडली. पण भरवलेली गाय 21 दिवसांनी पुन्हा माजावर आली, की मराठवाड्यात पिंगळीत असो वा कंधारकडे, ती 'उलटली'. ऐकणारा समजतो, फळलीच नव्हती. माझ्या मते हा शब्द गोठ्यात दिसलं तेवढ्यावरच घडला, आणि पोटात गेलेला जीव त्याच्या हिशेबात आलाच नाही.

त्या जीवाची सुरुवात कशी असते ते पाहा. 1951 साली विस्कॉन्सिनमध्ये एका गाईचा भ्रूण दुसरीच्या गर्भाशयात वाढून वासरू जन्मलं. कोवळा भ्रूण आईला चिकटलेला नसतो, म्हणूनच हे जमलं. चार-पाच दिवस तो गर्भनलिकेत असतो; सातव्या दिवशी पाण्याने भरलेला, मिलिमीटरच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा बुडबुडा होतो; नवव्या-दहाव्या दिवशी कवच फोडतो आणि सतराव्यापर्यंत वीतभर लांब धागा बनतो. हा धागा इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रथिन सोडतो, आपण असल्याचा आईला निरोप म्हणून. तो निरोप सोळाव्याच्या सुमारास पोचला तरच माज थांबतो. चिकटणं सुरू होतं त्यानंतर, एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी. निरोगी कालवडींत दहापैकी साधारण नऊ बीजं फळतात, वासरं मात्र पाच-सहाच जन्मतात. गेलेल्यांपैकी बहुतेक हा निरोप जाण्याआधीच मरतात. म्हणजे उलटलेली गाय पुष्कळदा फळलेली असते.

कोणी म्हणेल, गाय रिकामी ती रिकामीच, शब्दावर कशाला अडायचं? अडायचं, कारण 'उलटली' म्हटलं की आधी वळू बदलतो, मग रेत, शेवटी गाय बाजारात जाते. परभणीचा वैशाख कोणाच्याच ध्यानात येत नाही. आईचं अंग तापलं की पहिल्या एक-दोन दिवसांचा भ्रूण होरपळतो. सात दिवसांचा बराच तग धरतो. फ्लोरिडात म्हणूनच उन्हाळ्यात भरवण्यापेक्षा सात दिवसांचा ताजा भ्रूण ठेवल्यावर गाई जास्त गाभण राहिल्या. भरवलेल्या गाईला त्याच दिवसापासून सावली आणि गार पाणी द्यायला प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे: 21व्या दिवशी आलेल्या गाईत बीज फळलंच नाही की भ्रूण लवकर गेला, हे गोठ्यात ओळखता येत नाही. पण तिसाव्या दिवशी आली तर? माज नजरेतून सुटला असता तर पुढचा 42च्या आसपास दिसला असता. अशा गाईत बहुधा निरोप पोचला होता आणि भ्रूण त्यानंतर गेला. भरवल्याची तारीख गोठ्याच्या खांबावर खडूने लिहिलेली असेल, तर एवढं तिथेच कळतं.