टेबल टेनिसमधील पायांचा इतिहास

टेबल टेनिसचा सामना पाहतांना आपली दृष्टि चेंडूवर खिळते. फार तर बॅटीवर. खेळाडूच्या पायांकडे क्वचितच कोणी पाहतो. परंतु या खेळाच्या इतिहासांत हाताइतकाच पायांचा वांटा आहे.

१९२६ सालीं लंडनमध्यें पहिल्या जागतिक स्पर्धा झाल्या. पुढील दहा वर्षांत बचाव इतका बळावला कीं, जोखीम न घेतां चेंडू नुसता परतवीत राहणें हेंच कित्येकांचें धोरण झालें. १९३६ सालीं प्राग येथें पोलंडचा एर्लिख व रुमानियाचा पानेथ यांच्या सामन्यांत पहिल्याच गुणाचा निकाल लागावयास दोन तासांहून अधिक वेळ लागला! खेळच मरणपंथास लागलेला पाहून नियामकांनीं जाळें पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणलें व सामन्यांस कालमर्यादा घातली. चढाईस वाव मिळाला.

पुढचें स्थित्यंतर घडलें तें आपल्या मुंबईंत. १९५२ सालीं आशियांतील पहिल्या जागतिक स्पर्धा येथें भरल्या. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन आला. तिच्यावर चेंडू आदळल्याचा आवाज जवळजवळ होतच नसे. आवाजावरून फटक्याचा अंदाज बांधणारे प्रतिस्पर्धी गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला. १९५४ सालीं लंडनमध्यें त्याचा देशबंधु इचिरो ओगिमुरा विजयी झाला, तेव्हां वेगवान बॅटीला वेगवान पायांची जोड मिळाली होती. हे जपानी खेळाडू बॅट लेखणीसारखी धरीत व तिच्या एकाच बाजूनें मारीत. टेबल अवघें पांच फूट रुंद. पण डाव्या कोपऱ्यांतील चेंडूहि उजव्या बाजूच्या जोरदार फटक्यानेंच मारावयाचा, तर सारें शरीर तिकडे नेलें पाहिजे.

म्हणूनच उभें राहण्याच्या रीतीस एवढें महत्त्व आलें. पाय खांद्यांहून किंचित् अधिक फांकलेले, गुडघे वांकलेले, भार चवड्यांवर. उजव्या हातानें खेळणाऱ्याचा डावा पाय थोडा पुढें. चेंडू येतांच हात लांबवूं नये. लहान पावलांनीं बाजूस सरकून आधीं जागा घ्यावी, मग कमरेच्या वळणासह फटका मारावा. चेंडू फारच दूर असेल, तर एक पाय दुसऱ्यापुढून ओलांडून टाकावा. फटका संपतांच पुन्हा सज्ज व्हावें.

पुढें बॅटी बदलल्या. २००० सालीं चेंडूहि ३८ मिलिमीटरवरून ४० मिलिमीटरचा झाला. हा पायांचा धडा मात्र कायम आहे. आपल्या मुलाच्या हातीं बॅट देतांना त्याला प्रथम उभें राहावयास शिकवावें. फटके मागाहून येतील.