बिदरला वकील, जुन्नरला शिड्या

वर्गात 'वकील' हा शब्द आला की मुलांना काळा कोट आठवतो. शिवकाळात वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी पाठवलेला माणूस. त्यालाच हेजीबही म्हणत. अरबीतला हाजिब हा मुळात दारावरचा अधिकारी. परराज्यांशी व्यवहार सांभाळणारा तो डबीर, आणि फारसीत दबीर म्हणजे लेखनिक. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी डबीराचा सुमंत झाला. नाव बदलले तरी कामातली जोखीम तीच राहिली.

ती जोखीम समजून घ्यायला आम्हा जुन्नरकरांना लांब जावे लागत नाही. १६५७ साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता आणि बिदरच्या मोहिमेवर होता. शिवाजी महाराजांनी सोनोपंत डबीरांना त्याच्याकडे पाठवले. आदिलशाहीचा जो मुलूख महाराजांनी घेतला होता, त्याला मोगलांची मान्यता मिळवायची होती. पंतांनी काम फत्ते केले. २३ एप्रिलला औरंगजेबाने मान्यतेचे पत्र दिले.

आठवडाभरातच, ३० एप्रिलच्या रात्री, मराठे दोरांच्या शिड्या लावून मोगलांच्या जुन्नरात उतरले. तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. आपल्याकडे ही गोष्ट शिड्यांपासून सुरू होते, पंतांचे नावही येत नाही. मला मात्र आधी तेच आठवतात. धन्याच्या वतीने दिलेला शब्द सात दिवसांत मोडला, तर वकिलाने पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने जायचे? त्याच वर्षी पुन्हा बोलणी करायला रघुनाथपंतांना जावे लागले.

सोनोपंतांचे चिरंजीव त्र्यंबकपंतही याच कामात होते. १६६६ च्या ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हा त्र्यंबक सोनदेव आणि रघुनाथ बल्लाळ कोरडे मोगलांच्या हाती सापडले. त्यांचे हाल झाले. सुटका झाली ती १६६७ मध्ये.

काझी हैदर यांच्याबद्दल मात्र मला हमखास विचारले जाते, बहुधा माझ्या नावामुळे. 'महाराजांकडे मुसलमान होते ना?' होते. पण यादीत नाव घालून आपण मोकळे होतो, काझी काय काम करत ते कोणी विचारत नाही. ते फारसी मुनशी होते. मोगलांकडे वकिलीवर गेले असताना परांड्याच्या किल्ल्यात कैदेत पडले. म्हणजे जोखीम त्र्यंबकपंतांचीच, फक्त किल्ला वेगळा. पुढे संभाजी महाराजांच्या काळात, १६८३ मध्ये, काझी औरंगजेबाकडे गेले. हे सांगितले की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. कोणी म्हणतो, 'सर, एवढं राहू द्या.' मी ते राहू देत नाही. परांडा सांगायचा तर १६८३ ही सांगावे लागते.