बातमीच्या दोन वाटा

सुरतेच्या लिंबायत, उधना किंवा पांडेसरा भागातील एखाद्या घरात नवा दूरचित्रवाणी संच आला, की दुसऱ्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो. गच्चीवर उपग्रहाची छत्री बसवावी, की रस्त्यावरून येणारी काचतंतूची तार घरात घ्यावी? बहुधा हा प्रश्न मासिक भाड्याच्या आकड्यावर सोडविला जातो. वस्तुतः तो फार जुना आहे. दूरच्या माणसाचा शब्द वरून आणावा की खालून, मोकळ्या अवकाशातून आणावा की आखलेल्या मार्गाने, ही निवड सुरतेने या ना त्या रूपाने चार शतके केलेली आहे.

१६०८ साली विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज सुरतेस लागले आणि पुढे काही वर्षांतच तेथे इंग्रजांची वखार उभी राहिली. वखारीतील कारभाऱ्यांपुढे लंडनला पत्र पाठविण्याच्या दोन वाटा होत्या. एक आफ्रिकेला वळसा घालणारी सागरी वाट; तिला कित्येक महिने लागत, परंतु जहाजातून हवे तितके कागद जात. दुसरी इराणी आखातातून बसरा आणि अलेप्पोमार्गे जाणारी खुष्कीची वाट. ती लवकर पोचे, पण तिचा भार थोडा आणि भय मोठे. म्हणून शहाणे कारभारी महत्त्वाच्या पत्राच्या प्रती दोन्ही वाटांनी रवाना करीत. देशातल्या देशात कासीद धावत. बातमी वेळेवर येण्याची किंमत या शहराला ५ जानेवारी १६६४ च्या सकाळी कळली. शिवाजी महाराजांची फौज गणदेवीपर्यंत आल्याची वार्ता आली तेव्हा शहर आणि फौज यांत अठ्ठावीस मैलांचेच अंतर उरले होते. सुभेदार इनायतखान किल्ल्यात शिरला आणि नगर उघडे पडले.

एकोणिसाव्या शतकात विजेची तार आली आणि घोडा, जहाज व कासीद मागे पडले. १८७० मध्ये समुद्राच्या तळाने आलेली तार मुंबईस पोचली व लंडनचा निरोप काही तासांच्या टप्प्यात आला. या तारेला प्रतिस्पर्धी नाही, असे पन्नास वर्षे वाटत राहिले. परंतु १९२७ साली पुणे जिल्ह्यातील खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले. ते इतके स्वस्त होते, की तारकंपन्यांचे धाबे दणाणले. १९२८ मध्ये लंडनला या प्रश्नावर परिषद भरली आणि १९२९ मध्ये तार व बिनतारी यांचे व्यवसाय एका छत्राखाली आणण्यात आले. कारण उघड होते. बिनतारी स्वस्त खरी, पण आकाशातील खळबळीने तिचा आवाज बुडे. तार महाग खरी, पण तिच्यातून गेलेला निरोप सहसा हरवत नसे. एकीने दुसरीला संपविणे कोणाच्याच हिताचे नव्हते.

पुढचा अंक उपग्रहाचा. त्याचे भारतीय सूत्रधार डॉ. विक्रम साराभाई गुजरातचे. १९६७ साली अहमदाबादेस प्रायोगिक भूकेंद्र उभे राहिले आणि १९७१ मध्ये नारायणगावाजवळच्या आर्वी येथील केंद्रातून परदेशी संभाषण उपग्रहामार्गे सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांनी अमेरिकेच्या एका उपग्रहावरून कार्यक्रम पाहिले. गुजरातेत त्याच काळात खेडा जिल्ह्यातील पीज येथून ग्रामीण दूरचित्रवाणीचा प्रयोग चालला. ज्या गावी धड सडक नव्हती, त्या गावी चित्र पोचले. उपग्रहाचे सामर्थ्य हेच आहे. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला स्थिर भासतो. त्याचे किरण साऱ्या देशावर सारखेच पडतात. एका घराने ते घेतले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाहीत. दहा छत्र्या असोत वा दहा लाख, उपग्रहाचे काम तेवढेच राहते.

या गुणाचा लाभ सुरतेतील मराठी माणसास विशेष झाला. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेश सुरतेशी जोडला गेला आणि धुळे, जळगाव, नंदुरबार भागांतील असंख्य कुटुंबे यंत्रमागांच्या कामावर येऊन येथेच स्थिरावली. १ मे १९६० रोजी दोन राज्ये वेगळी झाली. महानगरपालिकेने मराठी शाळा चालविल्या. पण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनचे मराठी कार्यक्रम जमिनीवरील मनोऱ्यांतून इतक्या दूर येणे कठीण होते. उपग्रहाला राज्याची सीमा माहीत नाही. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनची मराठी उपग्रहवाहिनी आली, १९९९ मध्ये ‘अल्फा टीव्ही मराठी’ आली आणि लिंबायतच्या खोलीत बसून मायबोली ऐकण्याची सोय झाली. प्रथम हे कार्यक्रम केबलवाल्याच्या तारेने आले. तो स्वतःच्या मोठ्या छत्रीने आकाशातून चित्र घेई आणि तारेने घरोघर वाटी. तार आणि आकाश यांची जोडी येथेही फुटली नव्हती. पुढे २००३ पासून घरच्या छत्रीवर थेट प्रक्षेपण मिळू लागले, आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मासिक वर्गणीवाचून चालणारी सेवा दिली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला तीच परवडली.

इकडे जमिनीची वाटही स्वस्थ बसली नव्हती. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखविले. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी सांगितले, की काच पुरेशी निर्मळ केली तर प्रकाश तीतून मैलोगणती जाईल. या कार्याबद्दल २००९ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. या तंतूचे मर्म सुरतेच्या हिरेकारागिरास सांगावे लागू नये. हिऱ्याचे पैलू नेमक्या कोनात घासले, म्हणजे आत शिरलेला प्रकाश भिंतींवरून आतल्या आतच परततो आणि दर्शनी बाजूने झळकून बाहेर येतो. काचतंतूतही प्रकाश असाच आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो; फरक इतकाच, की येथे तो पलीकडच्या टोकाशी बाहेर पडतो. भारतात १९७९ साली पुण्यास दूरध्वनी केंद्रांना जोडणारी अशी पहिली व्यवस्था झाली. १९८८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी काचतंतू पडले, नव्वदीत ते मुंबईच्या किनाऱ्यास लागले आणि आकाशात गेलेला परदेशी संभाषणाचा मोठा भार पुन्हा समुद्रतळाशी उतरला.

आता घरच्या निवडीकडे वळावे. स्थिर उपग्रहामार्गे प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत संदेशाला दोनदा वर जावे व दोनदा खाली यावे लागते. त्यात सुमारे अर्धा सेकंद जातो. चित्रपट पाहताना तो जाणवत नाही, संभाषणात मात्र खटकतो. सुरतेच्या श्रावणात आभाळ कोसळू लागले, की छत्रीवरील चित्र गोठते, कारण त्या सूक्ष्म लहरी पाणी शोषून घेते. छत्रीला आग्नेयेकडील मोकळे आकाशही हवे; उंच इमारतीच्या उत्तरेकडील खोलीला ते लाभत नाही. उलट काचतंतूला पावसाचे भय नाही, आणि त्यातून दर सेकंदाला वाहणारी माहिती छत्रीच्या मानाने अमाप असते. पण रस्ता खोदताना तो एका घावात तुटतो, दोन्ही टोकांच्या यंत्रांना वीज लागते, आणि ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने जे शहर बुडाले, त्या शहराला याचा अर्थ सांगावयास नको. शिवाय तो गल्लीपर्यंत येणे कंपनीच्या हिशेबावर आणि खोलीत येणे घरमालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे नवे उपग्रह हा विलंब पुष्कळ कमी करतात. २०२५ मध्ये अशा एका परदेशी सेवेस भारतात परवानाही मिळाला. तथापि त्यांच्या एका टापूतील सर्व ग्राहकांना एकच ओघ वाटून घ्यावा लागतो.

भाड्याच्या आकड्याहून मोठी गोष्ट २०२० साली दिसली. शाळा बंद झाल्या आणि दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून पाठ सुरू झाले. ज्या घरी छत्री होती, तेथील मुलाला शिक्षक दिसला. त्या मुलाला शंका मात्र विचारता येईना. ज्या घरी जाळ्याची वेगवान जोडणी होती, तेथील मूल शंका विचारू शकत होते. छत्रीने घराला ऐकण्याचा अधिकार दिला, तारेने बोलण्याचा.

म्हणून निवड करताना घराने आधी स्वतःला विचारावे, की आपणांस केवळ ऐकावयाचे आहे की उत्तरही द्यावयाचे आहे. केवळ मायबोलीचे कार्यक्रम हवे असलेल्या वृद्ध जोडप्यास छत्री पुरेशी आहे. जेथे मूल शिकते, तेथे तार दाराशी आली असल्यास ती घ्यावी. आणि ज्यास शक्य आहे त्याने सुरतेच्या जुन्या वखारवाल्यांचे शहाणपण आठवावे. त्यांनी एका वाटेवर कधीच विसंबून राहावयाचे नाही, असे ठरविले होते. उरते ती गल्ली, जिच्या तोंडाशी तार अजून आलेली नाही. तेथील घरापुढे निवड नसतेच. आणि ती निवड त्या घरास मिळवून देणे हे नगराचे काम आहे.